चार्ल्स वेकफील्ड

चार्ल्स चीअर्स वेकफील्ड, पहिले व्हायकाउंट वेकफील्ड (१२ डिसेंबर, १८५९:लिव्हरपूल, इंग्लंड - १५ जानेवारी, १९४१:बेकन्सफील्ड, इंग्लंड) हे ब्रिटिश उद्योजक, लंडन शहराचे लॉर्ड मेयर आणि दानशूर गृहस्थ होते. कॅस्ट्रॉल या नावाने जगभर विकल्या जाणाऱ्या वंगणतेलाचे ते जनक. मोटारींच्या शर्यती, विमानविद्या आणि वेगाचे विक्रम यांना दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्यांच्याइतका पैसा फार थोड्या खाजगी व्यक्तींनी पुरवला असेल.

पूर्वायुष्य

वेकफील्ड यांचा जन्म लिव्हरपूल येथे झाला. त्यांचे वडील जॉन वेकफील्ड जकात खात्यात नोकरीला होते. 'चीअर्स' हे त्यांचे मधले नाव आईच्या माहेरच्या आडनावावरून आले. लिव्हरपूल इन्स्टिट्यूट या शाळेत शिक्षण झाल्यावर ते तेलाच्या व्यापारात शिरले आणि पुढे व्हॅक्यूम ऑइल कंपनी या अमेरिकी कंपनीच्या लंडन कचेरीत रुजू झाले. न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे स्थापन झालेली ही कंपनी त्या काळी वाफेच्या यंत्रांच्या वंगणात अग्रगण्य होती. मोबिल या नावाशी पुढे जोडली गेली ती हीच. तिच्या कामासाठी वेकफील्ड यांनी देशोदेशी प्रवास केला. कोणत्या यंत्राला कोणते तेल मानवते, ही परीक्षा त्यांना येथे अवगत झाली. १८८८मध्ये त्यांचा विवाह सेरा फ्रान्सिस ग्रॅहॅम यांच्याशी झाला.

कंपनीची स्थापना

१८९९मध्ये, वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर, वेकफील्ड यांनी नोकरी सोडली आणि लंडनमध्ये सी.सी. वेकफील्ड अँड कंपनी ही स्वतःची पेढी काढली. जुन्या कंपनीतील काही सहकारीही त्यांच्याबरोबर आले. पेढीचे पहिले गिऱ्हाईक मोटार नव्हे, आगगाडी होते. रेल्वे इंजिनाच्या सिलिंडरांत आणि झडपांत ठराविक मात्रेने आपोआप तेल सोडणारे वेकफील्ड यांचे यांत्रिक वंगणयंत्र अनेक रेल्वे कंपन्यांनी स्वीकारले. रस्त्यांवर मोटारी आणि आकाशात विमाने दिसू लागेपर्यंत रेल्वे व अवजड यंत्रे हाच पेढीचा मुख्य आधार होता.

कॅस्ट्रॉल

नव्या पेट्रोल इंजिनांची गरज वाफेच्या यंत्रांहून वेगळी होती. कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू होताना तेल पातळ असावे लागे, म्हणजे ते बेअरिंगपर्यंत चटकन पोहोचे. आणि इंजिन तापल्यावर तेच तेल फार पातळ होऊन चालत नसे, कारण मग धातूच्या दोन पृष्ठभागांमधला तेलाचा पापुद्रा फाटून धातूवर धातू घासला जाई. त्या काळच्या साध्या खनिज तेलाला या दोन्ही परीक्षा एकदम उतरता येत नव्हत्या.

वेकफील्ड यांच्या पेढीने यावर उपाय म्हणून खनिज तेलात एरंडेल मिसळले. मराठी घरांत एरंडेल म्हटले की जुलाबाचे औषध आठवते. पण यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ते फार गुणी तेल आहे. त्यातील रिसिनोलेइक आम्लाच्या रचनेमुळे ते धातूला घट्ट धरून राहते, त्याचा पापुद्रा मोठा दाब सोसतो आणि तापमान चढले तरी ते पुष्कळ दाट राहते. एरंडेल आणि खनिज तेल सहजासहजी एकजीव होत नाहीत, त्यामुळे टिकाऊ मिश्रण साधणे हे कौशल्याचे काम होते. १९०९मध्ये हे तेल बाजारात आले. 'कॅस्टर' (एरंड) आणि 'ऑइल' या दोन शब्दांची जोड देऊन त्याला कॅस्ट्रॉल हे नाव दिले गेले. पुढे हे नाव इतके रूढ झाले की १९६०मध्ये कंपनीनेच आपले मूळ नाव टाकून ते धारण केले.

पहिल्या महायुद्धात एरंडेलाला आणखी महत्त्व आले. नोम, ल रोन, क्लर्जे यांसारख्या विमान इंजिनांत दांडा स्थिर राही आणि सिलिंडर त्याच्याभोवती फिरत. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण इंजिनाच्या पोटातूनच सिलिंडरांकडे जात असल्याने खनिज तेल त्यात विरघळून वाहून जाई. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून अशा इंजिनांना तेच लागे. वापरलेले तेल परत टाकीत येत नसे, धुराबरोबर बाहेर फेकले जाई आणि वैमानिकाच्या तोंडावर उडे. ते पोटात गेल्याचे परिणाम एरंडेलाचे औषधी गुण जाणणाऱ्यास वेगळे सांगावयास नकोत. एरंडाच्या बियांचा मोठा पुरवठा तेव्हा हिंदुस्थानातून होत असे.

शर्यतीचे तेल आणि रस्त्याचे तेल

वेकफील्ड यांच्या पेढीने एकच तेल सर्वांना विकले नाही. इंजिनाची जात आणि त्याचा वापर पाहून वेगवेगळ्या प्रती काढल्या आणि त्यांना अक्षरांवरून नावे दिली. त्यांपैकी शर्यतीसाठी असलेले कॅस्ट्रॉल आर हे तेल एरंडेलावर आधारलेले होते. ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर आणि आइल ऑफ मॅनच्या मोटारसायकल शर्यतींत जळत्या एरंडेलाचा गोडसर वास दरवळे. तो वास हीच शर्यतीची ओळख, असे मानणारे शौकीन आजही आहेत.

हौशी मालकापुढे मात्र त्यामुळे एक पेच उभा राहिला. १९२०-३०च्या दशकांत अनेक जण आपली स्पोर्ट्स मोटार स्वतः चालवत ब्रुकलंड्सला नेत, तिथेच तिच्या शर्यती करत आणि संध्याकाळी तिच्यातूनच घरी परतत. ज्या तेलाने शर्यतीत बेअरिंग वाचवावे, तेच रोजच्या रस्त्यावर इंजिनाचा घात करी. एरंडेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून चिकट होते. त्याचा डिंकासारखा थर पिस्टनच्या कड्यांत आणि तेलाच्या नळ्यांत साचतो. थोड्या अंतराच्या, वारंवार थांबणाऱ्या प्रवासात आणि मोटार बरेच दिवस उभी राहिल्यास हा दोष वाढतो. म्हणून शर्यत संपताच, इंजिन गरम असतानाच, तेल काढून टाकणे आवश्यक असे. त्याजागी खनिज तेल भरायचे तर आधी इंजिन धुऊन घ्यावे लागे, कारण उरलेसुरले एरंडेल नव्या तेलात न मिसळता गाळ करी. आळस करणाऱ्या मालकाला इंजिन उघडून खरवडत बसावे लागे. शर्यतीच्या संघाला दर शर्यतीनंतर तेल बदलणे परवडे, एकट्या हौशी माणसाला ते जड जाई. त्याच्यासाठी पेढीच्या खनिज तेलाच्या प्रतीच अधिक शहाणपणाच्या होत्या.

या पेचाचे मूळ स्वरूप पुढेही बदलले नाही. शर्यतीच्या मार्गावर दीर्घकाळ पूर्ण जोराने धावणाऱ्या इंजिनात तेलाचे तापमान १२०° सेल्सियसच्या वर जाऊ शकते. रस्त्यावर ते बहुधा १०० अंशांच्या आसपास किंवा त्याखालीच राहते. १०डब्ल्यू-६० अशा प्रतीत पहिला आकडा थंडीतील वर्तन दाखवतो आणि दुसरा तापलेल्या तेलाची दाटी. दाट तेल तापल्यावर पापुद्रा टिकवते, पण थंड इंजिनात उशिरा पोहोचते आणि थोडी शक्तीही खाते. त्यामुळे मोठा आकडा म्हणजे उत्तम तेल, ही समजूत बरोबर नाही. बीएमडब्ल्यूने आपल्या एम३ (ई४६) या मोटारीसाठी कॅस्ट्रॉलचेच १०डब्ल्यू-६० तेल नेमले, तेव्हा त्या इंजिनाची बेअरिंगे आणि त्याचा फिरण्याचा वेग यांचा विचार त्यामागे होता. दुसऱ्या मोटारीत तेच तेल ओतल्याने तिला एम३ची तब्येत लाभत नाही. निव्वळ शर्यतीच्या तेलांत मळ धुणारी द्रव्ये बहुधा कमी असतात, कारण ती काही तासांनी बदलली जाणार असे गृहीत धरलेले असते. रस्त्यावरील तेलाला हजारो किलोमीटर काजळी व आम्ले पोटात घेऊन राहावे लागते. दोन्हीकडे धावणाऱ्या मोटारीसाठी निर्मात्याने मान्य केलेल्या प्रतींतूनच निवड करणे आणि शर्यतीच्या दिवसांनंतर तेल लवकर बदलणे, हा मार्ग १९३०मध्ये होता तोच आज आहे. एरंडेलाचे बरेचसे गुण, त्याचा चिकटा वगळून, आता कृत्रिम एस्टर तेलांतून मिळतात. रसायनशास्त्रानुसार एरंडेल हेही नैसर्गिक एस्टरच होय.

विमानविद्येला साहाय्य

वेकफील्ड यांच्या दानात जाहिरात किती आणि कळकळ किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. विक्रम झाला की त्यात वापरलेल्या तेलाचे नाव वृत्तपत्रांत झळके, हे ते उत्तम जाणत. तरीही काही देणग्या अशा आहेत की त्यांचा नफ्याशी संबंध जोडणे ओढूनताणून केल्यासारखे होईल. १९२९मध्ये वैमानिक ॲलन कॉबम यांनी गावोगावी विमानतळ व्हावेत म्हणून ब्रिटनभर दौरा केला, तेव्हा वेकफील्ड यांच्या पैशातून हजारो शाळकरी मुलांना विमानाची फुकट सफर घडली. त्यापूर्वी १९२७-२८मध्ये कॉबम यांनी उडत्या बोटीतून आफ्रिका खंडाला घातलेल्या फेरीला तर वेकफील्ड यांचेच नाव दिलेले होते.

१९३०मध्ये हल शहरातील एका मासळी व्यापाऱ्याची मुलगी एमी जॉन्सन हिला एकटीने ऑस्ट्रेलियाला उडत जायचे होते. तिच्या गाठीशी लांब पल्ल्याचा अनुभव नव्हता आणि मदत देण्यास कोणी तयार नव्हते. विमानासाठी लागणाऱ्या रकमेचा भार तिचे वडील आणि वेकफील्ड यांनी वाटून घेतला. वाटेतील इंधन व तेलाची व्यवस्थाही वेकफील्ड यांनी केली. जुन्या जिप्सी मॉथ विमानातून ती ५ मे रोजी क्रॉयडनहून निघाली. कराचीहून पुढे येताना इंधन संपत आल्याने तिला झाशीच्या लष्करी मैदानावर उतरावे लागले. २४ मे रोजी ती डार्विनला पोहोचली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने उड्डाण करणारी ती पहिली स्त्री ठरली.

सीग्रेव्ह आणि मिस इंग्लंड २

११ मार्च, १९२९ रोजी हेन्री सीग्रेव्ह यांनी फ्लोरिडातील डेटोना येथे गोल्डन ॲरो या मोटारीतून ताशी २३१.४५ मैल (सुमारे ३७२ किमी) वेग गाठून जमिनीवरील विक्रम केला. पाण्यावरील विक्रमही त्यांना हवा होता. त्यासाठी वेकफील्ड यांनी दोन रोल्स-रॉइस इंजिनांची मिस इंग्लंड २ ही बोट स्वतःच्या खर्चाने बांधवून दिली.

१३ जून, १९३० रोजी विंडरमियर सरोवरात सीग्रेव्ह यांनी ताशी ९८.७६ मैलांचा नवा विक्रम नोंदवला. त्याच दिवशी पुढच्या फेरीत बोट उलटली. पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यावर ती आदळली असावी, असे मानले जाते. इंजिनतज्ज्ञ व्हिक्टर हॅलिवेल जागीच गेले. सीग्रेव्ह काही वेळ शुद्धीवर आले, विक्रम झाला की नाही याची त्यांनी चौकशी केली आणि थोड्याच तासांत त्यांचा मृत्यू झाला. ज्या एमी जॉन्सनच्या यशाने महिन्याभरापूर्वी वेकफील्ड यांचे नाव गाजले होते, त्याच नावाच्या मागे आता दोन मृत्यू लागले. त्यांनी हात आखडता घेतला नाही. बोट बाहेर काढून दुरुस्त करण्यात आली आणि १९३१मध्ये के डॉन यांनी इटलीतील गार्डा सरोवरात तिच्यातून ताशी ११०.२८ मैल वेग गाठला. हा निर्धार मानावा की हट्ट, याविषयी मतभेद होऊ शकतात.

सार्वजनिक जीवन

वेकफील्ड १९०७-०८मध्ये लंडनचे शेरीफ होते आणि १९०८मध्ये त्यांना नाइट हा किताब मिळाला. १९१५-१६ या युद्धवर्षात ते लॉर्ड मेयर झाले. १९१७मध्ये बॅरोनेट, १९३०मध्ये बॅरन आणि १९३४मध्ये व्हायकाउंट अशी त्यांची सरदारकी चढत गेली. केंट परगण्यातील हाइद या किनारी गावाचे नाव त्यांनी आपल्या किताबाशी जोडून घेतले होते.

बेल्जियममधील पोपेरिंगे येथे टॅल्बट हाउस नावाचे घर आहे. पहिल्या महायुद्धात आघाडीवरचे सैनिक हुद्द्याचा भेद विसरून तेथे विसावा घेत. हे घर १९२९मध्ये वेकफील्ड यांच्या देणगीतून विकत घेतले गेले आणि ते आजही पाहता येते. हाइदच्या जीवरक्षक बोट केंद्राला त्यांनी दिलेली व्हायकाउंटेस वेकफील्ड ही बोट १९३६पासून सेवेत होती. मे १९४०मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिकांना सोडवण्याच्या कामात ती गमावली गेली; त्या मोहिमेत नष्ट झालेली ब्रिटिश जीवरक्षक संस्थेची ही एकमेव बोट होय.

मृत्यू आणि त्यानंतर

एमी जॉन्सन ५ जानेवारी, १९४१ रोजी युद्धकाळातील विमानवाहतुकीच्या कामगिरीवर असताना टेम्स नदीच्या मुखाशी विमान कोसळून मरण पावली. त्यानंतर दहाच दिवसांनी वेकफील्ड यांचे बेकन्सफील्ड येथे निधन झाले. त्यांना दत्तक कन्या होती, परंतु किताबाला वारस नसल्याने तो त्यांच्याबरोबरच संपुष्टात आला. कंपनी १९६६मध्ये बर्मा ऑइलकडे आणि २०००मध्ये बीपीकडे गेली. तिच्या भारतीय शाखेचे, कॅस्ट्रॉल इंडियाचे, मुख्यालय मुंबईत आहे.

वेकफील्ड यांच्या नावाचा चषक १९२८पासून नमुना-विमानांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दिला जातो आणि या प्रकारच्या विमानांना हौशी मंडळी नुसते 'वेकफील्ड' असेच म्हणतात. या विमानांना इंजिन नसते; पीळ दिलेल्या रबरी पट्ट्यांच्या जोरावर त्यांचा पंखा फिरतो. पीळ देताना पट्ट्या एकमेकींवर घासून तुटू नयेत म्हणून त्यांनाही आधी वंगण लावावे लागते.