पीस हळू का पडतं? नजरकैदेतल्या गॅलिलिओने याचं उत्तर लिहून ठेवलं होतं

शहापूर-मुरबाडच्या खळ्यांवर भात उफणताना सुपातून सगळं एकाच उंचीवरून सोडतात. भरलेला दाणा पायाशी पडतो, पोचट दाणा आणि भुसा लांब उडतो. म्हणजे जड वस्तू लवकर पडते, असंच कुणीही म्हणेल. ॲरिस्टॉटलही तेच म्हणाला होता आणि जवळपास २००० वर्षं ते खपलं.

हे खोडून काढणारा गॅलिलिओ १५ फेब्रुवारी १५६४ ला इटलीतल्या पिसा शहरात जन्मला. वडील संगीतकार. मुलाने डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा, पण तो वैद्यकी सोडून गणितात रमला आणि १५८९ मध्ये पिसातच गणिताचा प्राध्यापक झाला.

कलत्या मनोऱ्यावरून त्याने गोळे टाकल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. पण तो लिहिला त्याच्या शिष्याने, तोही गुरूच्या मृत्यूनंतर. त्यामुळे अनेक इतिहासकारांना तो पटत नाही. खरे प्रयोग साधे होते. पडणारी वस्तू मोजता येईल असं घड्याळच तेव्हा नव्हतं. मग गॅलिलिओने गोळा उतरत्या फळीवरून सोडला आणि तेवढ्या वेळात भांड्यात किती पाणी पडलं, ते तोलून वेळ काढली.

१६३३ मध्ये पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हटल्याबद्दल चर्चने खटला चालवला. पुढचं आयुष्य नजरकैदेत गेलं, पुस्तकं छापायला बंदी आली. तरी त्याने शेवटचं पुस्तक लिहिलं. ते १६३८ मध्ये हॉलंडमध्ये छापून आलं, तोवर त्याची दृष्टी गेली होती.

त्यात त्याने मांडलं की फरक पाडते ती हवा. हवा नसेल तर सगळं एकाच वेगाने पडेल. (१९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस सोडून ते दाखवलंच.) पुस्तकात आणखी एक मुद्दा होता, त्याची चर्चा कमी होते. वेग वाढतो तसा हवेचा अडथळाही वाढतो आणि शेवटी वेग वाढायचा थांबतो.

म्हणूनच माळशेजच्या पावसात माणूस उभा राहू शकतो. २ किलोमीटरवरून निघालेला थेंब हवा नसती तर ताशी ७०० किलोमीटरने डोक्यात बसला असता. प्रत्यक्षात मोठा थेंबही ताशी ३० च्या आसपासच येतो. मुरबाडच्या वरच्या नाणेघाटात तर पावसाळी वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो.

८ जानेवारी १६४२ ला गॅलिलिओ गेला. फ्लॉरेन्समध्ये त्याचं स्मारक उभारायलाही चर्चने नकार दिला आणि त्याला एका लहानशा खोलीत पुरलं. तिथून मुख्य चर्चमध्ये जागा मिळायला १७३७ साल उजाडलं.