धवळेकर्त्री महदाइसा

कवीचे काव्य त्याच्या व्युत्पत्तीतून निपजते की त्याच्या आयुष्यातून, हा विचार साहित्याच्या अभ्यासकांनी अनेकवार केला आहे. आपल्या पंथाच्या वाङ्मयात या प्रश्नाचे एक उत्तर फार जवळ आहे, आणि जवळ असल्यामुळेच कदाचित त्याकडे आपले दुर्लक्ष होते. महदाइसांचे धवळे आपण भक्तिभावाने म्हणतो. त्या मराठीतील आद्य कवयित्री होत, हेही अभिमानाने सांगतो. परंतु ज्या स्त्रीच्या मुखातून मराठीतील हे पहिले विवाहगीत प्रकट झाले, ती स्त्री बालविधवा होती, या गोष्टीपाशी आपण क्षणभर थांबत नाही. प्रस्तुत लेखात तेथेच थोडे थांबावयाचे आहे.

महदाइसांचे मूळ नाव रूपाई. विद्वत्तेची परंपरा असलेल्या ब्राह्मण कुळात त्यांचा जन्म झाला. श्रीनागदेवाचार्यांच्या त्या नात्याने बहीण लागत. लहान वयातच त्यांना वैधव्य आले. तेराव्या शतकातील ब्राह्मण घरात बालविधवेच्या वाट्याला काय येत असे, हे येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. घरात लग्नकार्य निघाले की तिने मागच्या दाराशी राहावयाचे. हळदीला तिचा हात नको, मांडवात तिची सावली नको. गौरीहरापाशी गाणी म्हणावयाची ती सुवासिनींनी. त्या गाण्यांचे शब्द तिला पाठ असत, कारण कान कोणी झाकू शकत नाही. ओठांवर मात्र ते आणावयाचे नसत. महदाइसांच्या बालपणीच्या मनात काय काय साठले असेल, हे कोणत्याही पोथीने नोंदलेले नाही. पण त्या काळचा आचार आपणास ठाऊक आहे, आणि तो ध्यानात ठेवल्यावाचून पुढील प्रसंगाचे मोल कळत नाही.

परमार्थाची ओढ त्यांना प्रथम दादोसांकडे घेऊन गेली. दादोस म्हणजे रामदेव, हे त्यांचे आधीचे गुरू. त्यांच्याच संबंधाने महदाइसांना श्रीचक्रधरस्वामींचे सन्निधान घडले, आणि त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले. स्वामींनी स्त्रीला अनुसरणाचा अधिकार नाकारला नाही. तिचा जीव आणि पुरुषाचा जीव यांत त्यांनी भेद मानला नाही. ज्या समाजाने महदाइसांना बोलू नको म्हटले होते, त्याच समाजात वावरणाऱ्या या महापुरुषाने त्यांना विचारू दिले. आणि महदाइसांनी खरोखरच विचारले. लीळाचरित्र वाचणाऱ्यास हे सांगावयास नको. किती लीळांचा आरंभ त्यांच्या पृच्छेने होतो! एखादा शब्द कळला नाही, एखाद्या तीर्थाचे माहात्म्य उमगले नाही, एखाद्या आचाराचे कारण पटले नाही की त्या स्वामींपुढे येत आणि समाधान होईपर्यंत मागे सरत नसत. स्वामींनी या जिज्ञासेचा, चर्चा करण्याच्या या वृत्तीचा गौरवच केला. उत्तर ऐकून घेणाऱ्या पुष्कळ असतात. उत्तर काढून घेणारी विरळा. महदाइसांनी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आज आपल्या हाती नसती, एवढे म्हटले तरी पुरे.

या पृच्छेचा त्यांच्या काव्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागते त्याला अलंकारांचा मोह राहत नाही. मग काय झाले, कोण आले, ती काय करीत होती, तो कोठवर पोहोचला, असे तो विचारतो आणि तसेच सांगतो. धवळ्यांची कथा याच चालीने पुढे सरकते. तिच्यात शास्त्राचे प्रदर्शन नाही, कल्पनेची कसरत नाही. घरातील एक जाणती स्त्री दुसरीला घडले ते सांगत आहे, असा तिचा सूर आहे.

इ. स. १२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. सन्निधानाचे असन्निधान झाले. भक्तजनांवर जे दुःख कोसळले त्याचे वर्णन आपल्या ग्रंथांत आहेच. आयुष्यात एकदा आधार गमावलेल्या महदाइसांना हा दुसरा वियोग होता, आणि तो पहिल्याहून फार मोठा होता. स्वामींच्या आज्ञेप्रमाणे नागदेवाचार्यांसह ही मंडळी ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस आली. महदाइसाही आल्या.

श्रीप्रभूंची लीळा निराळी. स्वामींजवळ निरूपण होते. येथे खेळ होता. श्रीप्रभू बालकाप्रमाणे आळी घेत, रुसत, रागावत, कोणाच्याही घरात शिरत, हाती लागेल ते खात. गावचे लोक त्यांना माय आणि बाप दोन्ही समजत. अशा अवताराची सेवा करावयाची तर ज्ञान बाजूस ठेवून आईचे मन आणावे लागते. धिडऱ्यांची लीळा सर्वांच्या परिचयाची आहे. श्रीप्रभूंनी धिडऱ्यांचा हट्ट धरला आणि महदाइसांची तो पुरविताना धांदल उडाली. स्वामींपुढे सूक्ष्म प्रश्न करणारी ही बाई येथे चुलीपाशी बसून एका हट्टी लेकराचे मन राखीत आहे. ज्यांना स्वतःचे मूल लाभले नाही त्यांच्या पदरी परमेश्वराने हे लेकरू घातले, असे म्हटले तर ते भावुकपणाचे होईल. पण ऋद्धिपूरलीळा वाचताना हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आणि मग एके दिवशी श्रीप्रभूंनी आणखी एक आळी घेतली. त्यांना विवाह करावयाचा होता! भक्तांनी ही इच्छाही शिरसावंद्य मानली. ऋद्धिपुरात मंगलकार्याचा थाट मांडला गेला. इ. स. १२८६-८७ च्या सुमारासची ही गोष्ट. विवाह म्हटला की धवळे हवेत. वरवधूंच्या मंगलासाठी गावयाची ती गीते. ती गाण्याची आज्ञा झाली महदाइसांना.

हा क्षण नीट पाहावा. मांडवात उभे राहण्याचा अधिकार रूढीने जिच्यापासून लहानपणीच काढून घेतला होता, तिलाच येथे मांडवाच्या मध्यभागी बोलावून मंगलगीत गावयास सांगण्यात आले. श्रीप्रभूंच्या खेळाचा अर्थ लावण्याची आमची पात्रता नाही. परंतु त्या खेळात रूढीचा एक कठोर निर्बंध सहज मोडून पडला, हे तर डोळ्यांसमोर आहे. महदाइसांनी संकोच केला नाही, सिद्धतेसाठी वेळ मागितला नाही. श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांच्या विवाहाची कथा त्यांनी आठवली आणि त्या प्रसंगीच धवळे रचीत गात गेल्या. वर्षानुवर्षे कानांत साठलेली लय आता मोकळी झाली होती.

कथा त्यांना दूरून आणावी लागली नाही. रुक्मिणी विदर्भाची कन्या. तिचे कौंडिण्यपूर वर्धा नदीच्या काठी, ऋद्धिपुराच्या त्याच मुलखात. महदाइसा जणू शेजारच्या गावातील एका मुलीचे लग्न गात होत्या. भागवताच्या दशमस्कंधातील मूळ प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. बापाच्या मनात श्रीकृष्ण, भाऊ रुक्मी मात्र शिशुपालाला शब्द देऊन बसलेला; रुक्मिणी ब्राह्मणाहाती पत्र पाठविते आणि द्वारकेच्या वाटेकडे डोळे लावून बसते. या वाट पाहण्यात धवळ्यांचा जीव आहे, असे आम्हास वाटते. येईल की नाही, पत्र पोहोचले की नाही, आपण त्याच्या योग्य आहो की नाही, ही तळमळ ज्या स्वामींच्या विरहाने पोळलेल्या स्त्रीने गायिली, तिला ती पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. असन्निधानाचे दुःख तिने रुक्मिणीच्या मुखी घातले. आणि जे दुःख बोलून दाखविणे कठीण होते ते मंगलगीत झाले.

या ठिकाणी नरेंद्र कवींचे स्मरण होते. त्यांचे रुक्मिणीस्वयंवर इ. स. १२९२ चे, म्हणजे धवळ्यांनंतर थोड्याच वर्षांचे. कथा तीच. परंतु नरेंद्र हे रामदेवराय यादवांच्या सभेत वावरलेले पंडित कवी. संस्कृत महाकाव्यांचे संस्कार त्यांच्या ओवीओवीत दिसतात. राजाने सुवर्ण देऊ करून तो ग्रंथ आपल्या नावावर मागितला, तेव्हा त्यांनी तो दिला नाही आणि पुढे नागदेवाचार्यांना शरण येऊन ते अनुसरले, ही कथा स्मृतिस्थळात प्रसिद्ध आहे. नरेंद्र कवी होते आणि साधक झाले. महदाइसा साधक होत्या आणि त्यांच्या हातून काव्य झाले. दोघांच्या रचनेतील अंतर हे बुद्धीच्या कमीअधिकपणाचे नसून आयुष्याच्या वाटांचे आहे.

महदाइसांनी स्वतःस काय मानले, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. कवयित्री हे नाव त्यांनी कधी घेतले नाही. त्यांच्या दृष्टीने धिडरी करणे आणि धवळे गाणे ही एकाच सेवेची दोन कामे होती. प्रसंग सरला, गाणे सरले. पुढे म्हाइंभटादी मंडळींनी आग्रह धरला तेव्हा त्यांनी कथेचा उत्तरार्ध पुरा केला, आणि एकूण १४८ धवळ्यांची ही रचना आपल्यापर्यंत आली. वर्णमालेच्या अक्षरक्रमाने रचलेले मातृकी रुक्मिणीस्वयंवरही त्यांचेच. म्हणजे रचनेचे सामर्थ्य त्यांच्या ठायी नव्हते असे नाही. त्या सामर्थ्याची मिरवणूक काढण्याची इच्छा नव्हती. आग्रहावाचून लेखणीकडे न वळणारा हा स्वभाव आजच्या काळात विशेष लक्षात घेण्यासारखा आहे.

त्यांच्या या योग्यतेची जाण नागदेवाचार्यांना पुरेपूर होती. महदाइसांना ते धर्माची राखणदार समजत. स्वामींचे तत्त्वज्ञान संस्कृतात घालण्याची गोष्ट निघाली तेव्हा आचार्यांनी ती मानली नाही. तसे केल्याने स्वामींच्या वृद्ध स्त्रीभक्त त्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. तो निर्णय देताना आचार्यांच्या डोळ्यांपुढे अशाच बाया असल्या पाहिजेत. आपल्या पंथाची भाषा मराठी राहिली, यात या प्रश्न विचारणाऱ्या आणि गाणाऱ्या स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. ज्या ऋद्धिपुरात हे धवळे प्रथम गायिले गेले तेथेच २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठाचा आरंभ झाला, हा योग म्हणूनच उचित वाटतो.

असो. आयुष्यात जे हिरावले जाते ते प्रत्येकास काव्यरूपाने परत मिळतेच असे नाही. दुःखाने पुष्कळजण कडवट होतात, काहीजण मुके होतात. महदाइसांचे तसे झाले नाही, कारण त्यांनी आपले दुःख जवळ साठवून ठेवले नाही. प्रथम ते जिज्ञासेच्या रूपाने स्वामींपुढे ठेवले, नंतर सेवेच्या रूपाने श्रीप्रभूंपुढे, आणि शेवटी गीताच्या रूपाने दोघांच्याही चरणी वाहिले. म्हणून त्यात त्यांचे स्वतःचे गाऱ्हाणे एका शब्दानेही उरले नाही. उरले ते रुक्मिणीचे मंगल. साधकांनी धवळे म्हणताना लीळेचे स्मरण करावेच; त्यासोबत त्या मांडवात उभ्या असलेल्या महदाइसांचेही करावे. मागच्या दाराशी उभे राहण्यास सांगितलेली आजची एखादी लेक आपल्या घरी असेल, तर तिला पुढे बोलावून धवळे तिच्याकडूनच म्हणवून घ्यावेत. दंडवत प्रणाम.