पाथरीचे ज्ञानराज

ज्ञानराज हे नाव ऐकलं की आपल्याला माउलीच आठवते. मी लिहितोय ते ज्ञानराज दुसरे. माउलींनंतर दोनशे वर्षांनी झालेले आणि आपल्या अगदी शेजारचे. परभणीहून मानवतच्या पुढं गेलं की लागते त्या पाथरीचे. जुन्या संस्कृत ग्रंथांत पाथरीचं नाव पार्थपूर. तिथल्या नागनाथ नावाच्या विद्वानाचे हे चिरंजीव. घराण्याची परंपरा देवगिरीच्या यादवांपर्यंत मागं जाते. शके १४२५, म्हणजे इ.स. १५०३ हे वर्ष आरंभाला धरून त्यांनी 'सिद्धान्तसुंदर' हा खगोलाचा ग्रंथ रचला.

मित्रांनो, आपली १९८४ ची बॅच तशी आकाशानं भारलेली. सहावीत असताना स्कायलॅब आपल्याच डोक्यावर पडणार म्हणून गावभर घबराट होती आणि दहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात राकेश शर्मा अंतराळात गेला. तेव्हापासून लागलेलं माझं वेड अजून उतरलेलं नाही. दुर्बीण साधीच आहे. गच्चीवरून गुरूचे चार चंद्र दिसले की मला पुरे होतं. पण एवढी वर्षं आकाश बघूनही आपल्याच जिल्ह्यातल्या या माणसाचं नाव मला पन्नाशीनंतर कळलं. तेही कुणी सांगितलं नाही, शं. बा. दीक्षितांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या १८९६ सालच्या पुस्तकात भेटलं. दीक्षितही पेशानं शाळामास्तरच, हे आपल्या गुरुजनांना वाचून बरं वाटेल.

ज्ञानराजांचा काळ डोळ्यांपुढं आणायचा तर असा. बहमनी राज्य मोडलेलं, पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीत. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळपुरुष पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातले, म्हणून त्या गावावर निजामशहाचा डोळा. १५१८ च्या सुमाराला बुऱ्हाण निजामशहानं पाथरी लढून घेतली. ज्ञानराजांचा मुलगा सूर्य तेव्हा दहाएक वर्षांचा असेल. तिकडं युरोपात, ज्या १५०३ पासून आपले ज्ञानराज गणित मांडत होते, त्याच वर्षी कोपर्निकस इटलीत कायद्याची पदवी घेत होता. सूर्य मध्यभागी असल्याचं त्याचं पुस्तक छापून यायला अजून चाळीस वर्षं होती.

सिद्धान्त लिहिणं म्हणजे पंचांग करणं नव्हे. पंचांग करणाऱ्याला आकडे काढायचे असतात, सिद्धान्तकाराला ते तसे का येतात हे सांगावं लागतं. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० चा. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी ज्ञानराजांनी त्याच धर्तीचा, त्याच तोलाचा ग्रंथ हाती घेतला. ग्रहांची गती, ग्रहणं, चंद्राची शृंगं, वेधाची यंत्रं, सगळं त्यात आहे. इतकंच काय, भास्कराचार्यांसारखं ऋतूंचं वर्णनही आहे. गणिताच्या पुस्तकात ऋतुवर्णन ही कल्पना आपल्या गणिताच्या सरांना चालली नसती!

पण ज्ञानराज भास्कराचार्यांची री ओढत नाहीत, आणि मला ते आवडतात ते इथंच. पृथ्वी गोल आहे हे त्यांना पूर्ण मान्य. प्रश्न तिच्या आधाराचा. भास्कराचार्य म्हणाले की तिला आधार नाहीच, ती स्वतःच्या शक्तीनं अवकाशात राहते आणि जड वस्तूंना आपल्याकडे ओढते. आधार मानला तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल, मग याला शेवटच नाही. ज्ञानराजांना हे पटलं नाही. शेष, कूर्म, वराह ही पुराणातली मंडळी त्यांना सोडायची नव्हती. त्यांचा युक्तिवाद साधारण असा, की एवढंसं बळ असलेलं गिधाड चोचीत साप धरून प्रहरभर आकाशात राहू शकतं, तर ज्याच्या शक्तीचा अंदाजही करता येत नाही त्या कूर्मानं पृथ्वी कल्पभर का धरू नये?

या वादात भास्कराचार्यांची बाजू सरस होती, हे आज आपण जाणतो. आपल्या ग्रुपवर अधूनमधून आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं असे संदेश येतात. ज्ञानराजांचं नाव त्या माळेत ओवू नये, असं मला मनापासून वाटतं. त्यांचं मोठेपण निराळं आहे. ज्या ग्रंथाला सगळे मानतात त्याच्याशी, आपल्याच परंपरेत उभं राहून, गणितात एक पाऊलही ढिलं न टाकता त्यांनी वाद घातला. श्रद्धा आणि हिशेब दोन्ही सांभाळायची त्यांची धडपड होती. आपल्या घरांत ग्रहणाच्या दिवशी जी ओढाताण चालते ना, एकीकडं आजी आणि दुसरीकडं विज्ञानाचे सर, तीच ही. फक्त त्यांनी ती टाळली नाही, लिहून काढली.

त्यांचा ग्रंथ लोकप्रिय मात्र झाला नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या काळाला धरून 'ग्रहलाघव' लिहिलं. त्यात ज्या-कोज्यांची कटकटच नाही, बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकारावर काम निभतं. पंचांगवाल्यांनी ते उचललं यात नवल नाही.

पण पाथरीत शाळा उभी राहिली. थोरला-धाकटा मला ठरवता येत नाही, पण चिंतामणी नावाच्या मुलानं वडिलांच्या ग्रंथावर टीका लिहिली. सूर्य, ज्यांना सूर्यदास किंवा सूर्यपंडित म्हणतात, त्यांनी तिशीतच भास्कराचार्यांच्या बीजगणितावर (१५३८) आणि लीलावतीवर (१५४१) टीका लिहिल्या. शिवाय त्यांचं 'रामकृष्णविलोमकाव्य' आहे. श्लोक सरळ वाचला तर रामाची कथा, उलटा वाचला तर कृष्णाची. ज्ञानराजांचे शिष्य ढुंढिराज यांचं 'जातकाभरण' ज्योतिषी आजही वापरतात. गुरूनं आकाशाचं गणित मांडलं आणि घरोघर पोचली ती शिष्याची पत्रिका! जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणताना आपण हसतो, पण सोळाव्या शतकात पाथरीत एका घराभोवती इतके ग्रंथ होत होते.

२०१४ साली 'सिद्धान्तसुंदर'चं इंग्रजी भाषांतर अमेरिकेत छापून आलं. टोके नुडसेन या अभ्यासकाचं ते काम.

शाळेच्या मैदानावर एक गंमत करता येईल. जुने ज्योतिषी बारा अंगुळांचा शंकू रोवत आणि विषुवदिनी भर मध्यान्ही त्याची सावली मोजत. तिला पलभा म्हणत. गावाचं अक्षांश त्यावरून निघे. पाथरी आणि परभणी दोन्ही सव्वाएकोणीस अंशांच्या आसपास. येत्या २१ मार्चला दुपारी साडेबाराच्या सुमाराला बारा इंचांची काठी सरळ उभी करा. सावली सव्वाचार इंचांना किंचित कमी भरेल. पट्टी मी आणतो, काठी आणि पोरं शाळेनं द्यावीत.