सॉसेजमधलं विष जिभेवर ठेवणारा डॉक्टर : घाम थांबवणाऱ्या इंजेक्शनची गोष्ट इथून सुरू झाली

काही लोकांचा घाम उन्हाळ्यापुरता नसतो. एसीत बसलं तरी काखेतून धारा लागतात. शर्ट दिवसातून दोनदा बदलावा लागतो. पेपर लिहिताना कागद ओला होतो. कुणाशी हात मिळवायचा म्हटलं की आधी तळहात पँटला पुसावा लागतो.

डॉक्टरांच्या भाषेत याला हायपरहायड्रोसिस म्हणतात.

रोल-ऑन झालं, औषधी लोशन झालं, तरी फरक पडला नाही की त्वचारोगतज्ज्ञ एक पर्याय सांगतात. बोटॉक्सचं इंजेक्शन. हो, तेच बोटॉक्स, जे चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवायला घेतात.

बोटॉक्स हे खरं तर एका ब्रँडचं नाव. आतलं औषध म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन. जगातल्या सगळ्यात जहाल विषांमध्ये याचा नंबर फार वरचा लागतो.

आता या विषानं घाम थांबवता येईल हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं असेल? एखाद्या अमेरिकन कंपनीच्या? तर नाही. ही कल्पना २०० वर्षं जुनी आहे आणि ती मांडली जर्मनीतल्या एका छोट्या गावच्या सरकारी डॉक्टरनं. हा गडी डॉक्टर तर होताच, पण नावाजलेला कवी होता आणि भुताखेतांवरही पुस्तकं लिहायचा.

त्याचं नाव युस्टिनुस केर्नर.

केर्नरचा जन्म १८ सप्टेंबर १७८६ चा, लुडविग्सबुर्ग गावातला. तेव्हा आजच्यासारखा एक जर्मनी नव्हता, छोटी छोटी राज्यं होती. त्यातल्या व्युर्टेम्बर्गमध्ये हे गाव यायचं. वडील सरकारी अधिकारी होते, पण १७९९ मध्ये ते वारले आणि घरची गणितं बदलली. पोराला एका कापडाच्या कारखान्यात कामाला लावण्यात आलं.

केर्नरचं मन तिथं रमणार नव्हतं. तो कविता करायचा. घरच्यांच्या ओळखीतल्या एका प्राध्यापकानं मदत केली आणि १८०४ मध्ये तो ट्युबिंगेनच्या विद्यापीठात पोचला. विषय घेतला वैद्यकशास्त्र.

इथंही कविता सुटली नाही. लुडविग उलांड, गुस्टाव श्वाब या कवींशी त्याची पक्की मैत्री झाली. जर्मन साहित्यातला मोठा कवी ह्योल्डरलिन याला १८०६ मध्ये मानसिक आजारासाठी ट्युबिंगेनच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवून नोंदी करायचं काम विद्यार्थी केर्नरकडे होतं. त्या दवाखान्याचा प्रमुख होता प्राध्यापक आउटेनरीत. हे नाव लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

१८०८ मध्ये केर्नर डॉक्टर झाला. मग विल्डबाड, वेल्त्सहाइम, गाइलडोर्फ अशा गावांत काम करत करत १८१९ मध्ये तो वाइन्सबेर्ग इथं सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून आला. मधल्या काळात, १८१३ मध्ये, फ्रीडरिकशी लग्नही झालं होतं.

आता मूळ विषयाकडे येऊ.

त्या काळी व्युर्टेम्बर्गमध्ये एक भीती पसरली होती. लोक सॉसेज खायचे आणि मरायचे.

डुकराचं रक्त, मांस, चरबी आतड्यात किंवा पोटाच्या पिशवीत भरायची, उकळायची, धुरावर टांगायची आणि आठवडेच्या आठवडे टिकवून खायची, अशी तिथली पद्धत. १७९३ मध्ये विल्डबाड गावात अशाच एका पदार्थातून १३ जण आजारी पडले आणि त्यातले ६ जण दगावले. नेपोलियनच्या लढायांनी गावाकडची गरिबी वाढवली होती. खाण्यातली स्वच्छता राहिली नव्हती आणि खराब झालेलं मांस फेकून देणं लोकांना परवडत नव्हतं.

सरकारनं १८०२ मध्ये धुरावलेल्या रक्ताच्या सॉसेजबद्दल जाहीर सूचना काढली. पण त्यात नक्की काय विषारी आहे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आउटेनरीतनं मग गावोगावच्या डॉक्टरांकडून अशा रुग्णांची माहिती मागवायला सुरुवात केली. माहिती पाठवणाऱ्यांमध्ये त्याचा जुना विद्यार्थी केर्नरही होता.

बाकीच्यांनी अहवाल पाठवले आणि विषय सोडला. केर्नरनं तो धरून ठेवला.

१८२० मध्ये त्यानं ७६ रुग्णांची माहिती असलेलं पुस्तक काढलं. १८२२ मध्ये दुसरं काढलं, त्यात रुग्णांचा आकडा १५५ वर गेला होता. मृतांची शवविच्छेदनंही त्यात होती. त्यानं लिहिलेली लक्षणं आजच्या वैद्यकीय पुस्तकांशी ताडून पाहिली तर फारसा फरक सापडत नाही.

माणसाला आधी उलट्या होतात. मग डोळ्यांच्या पापण्या खाली पडतात, बाहुल्या मोठ्या होतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात. घास गिळता येत नाही. हातापायातली ताकद जाते. डोक्यानं मात्र माणूस शुद्धीवर असतो, आपल्याला काय होतंय ते त्याला कळत असतं. शेवटी श्वास थांबतो.

आणि यासोबत अजून एक गोष्ट त्यानं नोंदवली. रुग्ण कोरडा पडतो. डोळ्यांत पाणी राहत नाही, तोंडात लाळ राहत नाही, घसा सुकतो, अंगाला घाम येत नाही.

केर्नर एवढ्यावर थांबला नाही. त्यानं विषारी सॉसेजमधून अर्क काढला आणि मांजर, ससे, पक्षी, बेडूक अशा प्राण्यांवर त्याची चाचणी घेतली. मग पठ्ठ्यानं त्याचे काही थेंब स्वतःच्या जिभेवर ठेवले. टाळू आणि घसा पार कोरडा पडला. नशीब चांगलं म्हणून त्यापुढं काही झालं नाही. हे प्रयोग कळल्यावर आउटेनरीतनं त्याला सावध केलं होतं.

या सगळ्यातून त्यानं काही निष्कर्ष काढले. हे विष सॉसेजच्या आत, जिथं हवा पोचत नाही तिथं तयार होतं. अगदी थोडंसं असलं तरी जीव घेतं. आणि ते मेंदूवर हल्ला करत नाही, तर नसांमधून स्नायूंना आणि ग्रंथींना जाणारा निरोप तोडतं.

इथून त्यानं पुढची उडी मारली. पुस्तकाच्या शेवटी त्यानं असा तर्क मांडला की जे विष मोठ्या मात्रेत माणसाला लुळं आणि कोरडं करतं, ते अत्यंत कमी मात्रेत दिलं तर ज्यांचे स्नायू विनाकारण झटके देतात किंवा ज्यांच्या अंगातून घाम आणि इतर स्राव प्रमाणाबाहेर वाहतात, त्यांना त्याचा उपयोग होऊ शकेल. आपण मांडतोय तो फक्त अंदाज आहे, खरा की खोटा ते पुढचे प्रयोग ठरवतील, हेही त्यानं स्पष्ट केलं होतं.

अर्थात त्याचं सगळंच बरोबर नव्हतं. हे विष चरबीपासून तयार होणारं आम्ल आहे, असं त्याला वाटायचं. जंतूंमुळे रोग होतात ही गोष्टच तेव्हा कुणाला माहीत नव्हती. विष शुद्ध करायची सोय नव्हती, अचूक मोजून टोचायची तर नव्हतीच. त्यामुळे औषधाची कल्पना पुस्तकातच राहिली.

केर्नरही दुसऱ्या नादाला लागला. १८२६ मध्ये फ्रीडरिक हाउफ नावाची एक आजारी बाई त्याच्याकडे उपचारासाठी आली. आपल्याला आत्मे दिसतात असं ती सांगायची. केर्नरनं तिच्यावर लिहिलेलं पुस्तक १८२९ मध्ये आलं आणि तुफान गाजलं. सॉसेजच्या विषापेक्षा लोकांना भुतांमध्ये जास्त रस होता. त्याच्या कविताही पसरत होत्या. संगीतकार रॉबर्ट शुमननं १८४० मध्ये त्यातल्या बारा कवितांना चाली लावल्या.

म्हातारपणी नजर गेली. कागदावर शाईचे डाग पडायचे, तर कागद दुमडून तो त्या डागांची चित्रं करायचा आणि त्यावर कविता लिहायचा. १८५४ मध्ये बायको गेली. २१ फेब्रुवारी १८६२ रोजी वाइन्सबेर्गमध्ये केर्नरचं निधन झालं. त्याचं घर आज संग्रहालय आहे.

त्याच्या अंदाजाचं पुढं काय झालं?

१८९५ मध्ये बेल्जियममधल्या एल्झेल गावात एका अंत्यविधीला आलेल्या वादकांनी डुकराचं खारवलेलं मांस खाल्लं. तिघं मेले. फान एर्मेन्गेम या शास्त्रज्ञानं त्या मांसातून जंतू शोधून काढला आणि विष चरबीतून नाही, तर या जंतूपासून येतं हे कळलं. या आजाराला बोट्युलिझम म्हणतात, कारण लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणजे सॉसेज.

१९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर अॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी या विषाचे प्रयोग सुरू केले. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. पुढं चेहऱ्याच्या स्नायूंसाठी इंजेक्शन घेणाऱ्यांना तेवढ्या भागात घाम येत नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. २००४ मध्ये, लोशननं फरक न पडणाऱ्या काखेतल्या जास्तीच्या घामासाठी मान्यता आली. केर्नरनं लिहिल्यानंतर १८२ वर्षांनी.

आता हे काम कसं करतं, ते बघू.

घामाच्या ग्रंथीला नस निरोप देते तो अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. हे विष नसेच्या टोकात शिरतं आणि ते रसायन बाहेरच पडू देत नाही. निरोप नाही म्हणून घाम नाही. ग्रंथी जागेवरच असते, मरत नाही. काही महिन्यांनी नस पुन्हा निरोप द्यायला लागते आणि घाम परत येतो. म्हणून हा उपचार कायमचा नाही. काखेत साधारण सहा-सात महिने परिणाम टिकतो, मग पुन्हा टोचावं लागतं.

इंजेक्शनआधी आयोडीन आणि स्टार्च लावून घाम नक्की कुठून येतो ते बघतात. घामाची जागा काळसर निळी दिसते. मग बारीक सुईनं कातडीतच, १० ते १५ ठिकाणी थोडं थोडं औषध सोडतात. बोटॉक्स ब्रँडचा ठरलेला डोस एका काखेला ५० युनिट. पण प्रत्येक ब्रँडचं युनिट वेगळं असतं, एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर डोस चुकतो.

साधे त्रास म्हणजे टोचलेल्या जागी दुखणं, थोडं रक्त येणं, डोकं दुखणं, काहींना दुसऱ्या ठिकाणी जास्त घाम येणं. तळहातावर घेतलं तर जास्त दुखतं आणि काही दिवस पकड ढिली पडू शकते. बटण लावणं, बाटलीचं झाकण उघडणं जड जातं.

खरा धोका वेगळा आहे. विष टोचल्या जागेपासून शरीरात पसरलं तर काय होतं, याची यादी केर्नरनं १८२२ मध्येच दिली आहे. पापण्या पडणं, दोन-दोन दिसणं, आवाज बसणं, गिळता न येणं, श्वास अडकणं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००९ पासून या औषधांच्या माहितीपत्रकावर हाच इशारा ठळक चौकटीत छापायला लावला आहे. ही लक्षणं काही तासांत दिसू शकतात, तशीच काही आठवड्यांनीही. दिसली तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

काखेतल्या घामासाठी मान्यताप्राप्त औषध, ठरलेल्या डोसमध्ये, शिकलेल्या डॉक्टरकडून घेतलं तर असं होणं दुर्मीळ आहे. गोंधळ होतो तो डोस आणि माल चुकला की. २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात माणसांसाठी परवानगी नसलेलं कडक विष सुरकुत्यांसाठी टोचलं गेलं. चार जण लुळे पडले, त्यात टोचणारा स्वतः होता. २०२३ मध्ये तुर्कस्तानात वजन कमी करायला पोटात हे इंजेक्शन घेतलेले ६० पेक्षा जास्त लोक बोट्युलिझमनं आजारी पडले. त्यात जर्मनीहून गेलेलेही होते. केर्नरच्या देशात तीच लक्षणं परत दिसली, फक्त यावेळी कुणी सॉसेज खाल्लं नव्हतं.

म्हणून पार्लरमध्ये, कुणाच्या घरी किंवा ऑनलाइन मागवून हे इंजेक्शन घ्यायचं नाही. डॉक्टरकडेही कुठला ब्रँड, किती युनिट हे विचारायचं आणि बाटली आपल्यासमोर उघडायला सांगायची. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल, गर्भारपण असेल, काही अँटिबायोटिक चालू असतील तर आधीच सांगायचं. टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असेल तर थांबायचं. आणि अचानक सुरू झालेला, रात्री झोपेत येणारा किंवा वजन घटण्यासोबत येणारा घाम असेल, तर त्यामागे थायरॉइड, टीबी असं दुसरं काही असू शकतं, ते आधी तपासून घ्यायचं.

केर्नरनं आपल्या जिभेवर थेंब ठेवले तेव्हा डोस किती, हे सांगणारं कुणी नव्हतं. आज ते माहितीपत्रकात छापलेलं असतं. फक्त टोचून घ्यायच्या आधी वाचायचं.