सर जेफ्री डी हॅविलंड

मुलांनो, सुट्टीत भारतात जाताना आपण जेट विमानाने जातो. जगातले पहिले प्रवासी जेट बनवले इंग्लंडच्या डी हॅविलंड यांच्या कंपनीने. जन्म १८८२ चा. त्यांना पतंगांचा नाद. संक्रांतीला उडवतो तो नव्हे, दिव्यावर झेपावतो तो! म्हणून त्यांच्या छोट्या विमानांची नावे 'मॉथ'. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणले, तेही 'पस मॉथ'मधूनच.

त्यांचे दोन मुलगे चाचणी उड्डाणांत गेले, १९४३ आणि १९४६ मध्ये. तरी हा बाप विमाने बनवतच राहिला, याचे आम्हाला फार नवल वाटते.

१९५२ मध्ये त्यांचे 'कॉमेट' प्रवासी नेऊ लागले, तेव्हा अमेरिकेच्या बोइंगकडे प्रवासी जेट नव्हतेच. पण १९५४ मध्ये दोन कॉमेट आकाशातच फुटली. आतल्या हवेच्या दाबाने पत्रा पुन्हा पुन्हा ताणला जाऊन कमकुवत झाला होता. एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून तज्ज्ञांनी हे शोधले. हा धडा बोइंगलाही उपयोगी पडला.

सुधारलेले कॉमेट ऑक्टोबर १९५८ मध्ये प्रवासी घेऊन अटलांटिक ओलांडून गेले. तीनच आठवड्यांनी बोइंग ७०७ आले, कितीतरी जास्त प्रवासी नेणारे. गिऱ्हाइके तिकडे वळली. १९६० मध्ये एअर इंडियानेही ७०७ घेतले. त्याच वर्षी डी हॅविलंड कंपनी हॉकर सिडलीच्या ताब्यात गेली. सर जेफ्री १९६५ मध्ये वारले.