हॅरिएट चिक : मुडदूसाचे कोडे सोडविणाऱ्या संशोधिका

पहिले महायुद्ध संपले तेव्हा व्हिएन्ना शहर उपाशी होते. दूध-लोणी दुर्मीळ झाले होते आणि मुडदुसाने तान्ह्या मुलांची हाडे मऊ पडून पाय वाकत होते. हा रोग आहारातील उणिवेमुळे होतो, सूर्यप्रकाशाअभावी होतो की संसर्गामुळे, याविषयी वैद्यकात एकमत नव्हते. याच प्रश्नाचा छडा लावण्यासाठी लंडनच्या लिस्टर संस्थेतील हॅरिएट चिक १९१९ मध्ये सहकारी महिलांसह व्हिएन्नात दाखल झाल्या.

६ जानेवारी १८७५ रोजी लंडनमध्ये जन्मलेल्या चिक यांनी १९०५ मध्ये या संस्थेत अर्ज केला, तेव्हा स्त्रीची नेमणूक करू नये, असा आग्रह तेथीलच दोघा संशोधकांनी धरला होता. संचालक चार्ल्स मार्टिन यांनी तो मानला नाही.

व्हिएन्नातील बालरुग्णालयाचे प्रमुख क्लेमेन्स फॉन पिर्के यांचा कल संसर्गाच्या बाजूने होता. तरीही त्यांनी आपले कक्ष या पाहुण्या संशोधिकांना मोकळे करून दिले, हा त्यांचा मोठेपणाच. एका गटातील बालकांना रुग्णालयाचा नेहमीचा आहार, तर दुसऱ्या गटाला कॉड माशाच्या यकृताचे तेल देण्यात आले. हिवाळ्यात पहिल्या गटातील अनेकांना मुडदूस झाला. तेल घेणारी मुले मात्र सुरक्षित राहिली. उन्हाळा आला आणि हा फरकच नाहीसा झाला! तेलाविनाही मुले निरोगी राहू लागली. मुडदूस झालेल्या बालकांना तेल दिले, उघड्यावर उन्हात ठेवले किंवा अतिनील किरणांच्या दिव्याखाली झोपविले, तरी तिन्ही उपायांनी हाडे भरून आल्याचे क्ष-किरण चित्रांत दिसले. आहारवादी आणि सूर्यप्रकाशवादी दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. तेलातील त्या घटकाला पुढे ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. उन्हामुळे तेच त्वचेत तयार होते, हा उलगडा नंतर झाला.

योगायोग असा, की १९२२ मध्येच हचिसन आणि शहा यांनी नाशिक परिसरातील निरीक्षणे प्रसिद्ध केली. तेथे मुडदूस आढळला तो पडद्याआड राहणाऱ्या सुखवस्तू घरांत. दिवसभर उघड्यावर वावरणाऱ्या गरिबांची मुले त्यापासून बहुधा दूर होती.

चिक यांना १९४९ मध्ये ‘डेम’ हा किताब मिळाला. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी ब्रिटनच्या पोषणशास्त्र संस्थेचे अध्यक्षपद सांभाळले. ९ जुलै १९७७ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.