सर्पगंधेची मुळी आणि डॉ. वकील

भामरागडच्या बाह्यरुग्ण विभागात रक्तदाबाचे काही रुग्ण सांगतात, ‘डोकं दुखायचं थांबलं, म्हणून गोळी बंद केली.’ कुणी गोळीऐवजी सर्पगंधेची मुळी चघळतो. अशा वेळी मला डॉ. रुस्तम जाल वकील आठवतात.

वकील यांचा जन्म १९११ मध्ये मुंबईचा. लंडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते परतले आणि के.ई.एम. रुग्णालयात हृदयरोग्यांवर उपचार करू लागले. तेव्हा रक्तदाबावर भरवशाचे औषध नव्हते. विश्रांती, बिनमिठाचे जेवण, झोपेच्या गोळ्या, फार तर मोठी शस्त्रक्रिया.

वैद्य सर्पगंधा पूर्वापार वापरत. तिने रक्तदाब उतरतो, हे कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले होते. वकील यांनी रुग्णांना मुळीच्या गोळ्या ठरावीक मात्रेत दिल्या, रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजला, नोंदी ठेवल्या. ५० रुग्णांचा तो अभ्यास १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपीन वेगळे केले. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९७४ मध्ये ते गेले.

रेसरपीन मज्जातंतूंच्या टोकांतील नॉरॲड्रेनॅलिनचा साठा रिता करते, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. पण नाक चोंदते, सुस्ती येते, काहींना नैराश्यही येते. म्हणून ते आता मागे पडले आहे. टेल्मिसार्टनसारखी आजची औषधे अँजिओटेन्सिनला अडवतात. हा पदार्थ रक्तवाहिन्या आवळतो, शिवाय त्यांच्या अस्तरात प्राणवायूचे घातक कण वाढवतो. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. या गोळ्यांनी रक्तदाबाबरोबर तो ताणही काही अंशी कमी होतो.

मुळीत औषधी द्रव्य किती, हे झाडागणिक बदलते. चघळणाऱ्याला आपली मात्रा कळत नाही. वकील यांनी मात्रा ठरवली आणि परिणाम मोजला, त्यांचे मोठेपण यातच आहे. आपणही तेच करायचे. डोके दुखो वा न दुखो, दाब मोजून घ्यायचा; १४०/९० किंवा त्याहून वर वारंवार भरला तर उपचार घ्यायचे. गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. पर्लकोटेला पूर आला की गावांची वाट तुटते. तेव्हा पावसाळ्यापुरत्या गोळ्या आधीच मागून घ्या.